पेलेट स्टोव्ह घरी आणलाय? पहिल्या थंडीआधी एवढं करा

आमचं घर अमेरिकेत न्यू हॅम्पशरच्या दक्षिण भागात आहे. तळघरात २७५ गॅलनची तेलाची टाकी, तिच्यावर चालणारा बॉयलर आणि प्रत्येक खोलीत भिंतीच्या पायथ्याशी गरम पाण्याचे पाइप, अशी इकडची नेहमीची व्यवस्था. पहिल्या हिवाळ्यात ती टाकी तीनदा भरली. चौथ्यांदा तेलाचा ट्रक दारात उभा राहिला तेव्हा आम्ही दोघांनी ठरवलं, पुढच्या थंडीआधी पेलेट स्टोव्ह, म्हणजे भुसा दाबून केलेल्या कांड्या जाळणारा स्टोव्ह, बसवायचाच.

त्याला आता दोन मोसम झाले. पहिल्या मोसमात मी खूप गोंधळले. पुस्तिकेत सगळं लिहिलेलं असतं, पण कशाला किती महत्त्व द्यायचं ते नसतं. इकडे नवीन घर घेतलेल्या ओळखीच्यांचे आता मला फोन येतात: काच काळी पडते, जाळ मंदावतो, स्टोव्ह मध्येच बंद पडतो. दहापैकी नऊ वेळा उत्तर एकच असतं, राख आणि हवा. ते मनात धरून पुढचं वाचा.

१. आधी यंत्र ओळखून घ्या

आई साताऱ्याहून आली होती. तिने स्टोव्हसमोर बसून पेलेटची मूठ हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाली, "अगं, ही तर आपली भुशाची शेगडी!" तिच्या लहानपणी वखारीतून भुसा आणायचे. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरून भोवती भुसा ठासायचा आणि बाटली अलगद फिरवून काढायची. मधे भोक राहतं, त्यातून हवा खेळते आणि भुसा तासन्‌तास जळतो. आईचं बरोबर होतं. इथे ठासायचं काम कारखाना करतो, एवढाच फरक. लाकडाचा सुकवलेला भुसा प्रचंड दाबाखाली साच्यातून काढतात. त्या दाबाने भुसा तापतो आणि लाकडातलाच लिग्निन नावाचा घटक मऊ होऊन भुशाला धरून ठेवतो, वेगळा डिंक लागत नाही. तयार होतात पाव इंच, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर जाडीच्या कांड्या.

१९७०च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर असा पर्याय शोधणारे बरेच होते. घरगुती पेलेट स्टोव्ह १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जेरी व्हिटफील्ड या वॉशिंग्टन राज्यातल्या विमान अभियंत्याने घडवला.

आतली रचना अशी. वर पेलेट भरायचं हॉपर. त्याखाली ऑगर, म्हणजे पिठाच्या गिरणीत असतो तसा फिरणारा स्क्रू. तो थोडे थोडे पेलेट पुढे ढकलतो. ते पडतात बर्न पॉटमध्ये, तळाला भोकं असलेल्या लोखंडी वाटीत. इग्नायटर नावाची तापणारी कांडी त्यांना पेटवते. एक पंखा धूर बाहेर ओढतो आणि त्याच ओढीने वाटीच्या भोकांतून ताजी हवा आत येते. दुसरा पंखा खोलीतली हवा तापलेल्या नळ्यांवरून फिरवून परत खोलीत सोडतो. हे दोन पंखे वेगळे आहेत हे नीट लक्षात ठेवा. धुराचा पंखा बिघडला तर स्टोव्ह चालूच नये म्हणून आत हवेच्या दाबावर चालणारा एक स्विच असतो. "स्टोव्ह उगाच बंद पडतो" ही तक्रार बहुतेक वेळा त्या स्विचची असते, आणि स्विच खरं तेच सांगत असतो: धुराडं तुंबलंय, दार नीट लागलेलं नाही, किंवा राख साचलीय.

२. घेण्याआधीचा हिशेब आणि कागद

अमेरिकेत पेलेट ४० पौंडांच्या, म्हणजे १८ किलोंच्या पिशवीत येतात. अशा ५० पिशव्या म्हणजे इकडचा एक टन, २,००० पौंड. एका पौंडात साधारण ८,००० ते ८,५०० बीटीयू (उष्णता मोजायचं इकडचं एकक) उष्णता असते, आणि एक गॅलन तेलात साधारण १,३८,०००. म्हणून एक टन पेलेट म्हणजे ढोबळमानाने ११५ ते १२० गॅलन तेल. तुमच्याकडे तेल साडेतीन डॉलर गॅलन असेल, तर टनाला ४०० डॉलरच्या आत पेलेट मिळाले तरच पैसे वाचतात. पाइपचा नैसर्गिक गॅस असलेल्या घरात हा हिशेब बहुधा जमत नाही. तिथे स्टोव्ह घेऊ नका असंच मी सांगते.

किती लागतील? कमी आचेवर दिवसाला एक पिशवी, कडाक्याच्या थंडीत दोन ते तीन. आम्हाला मोसमाला तीन टन लागतात.

आणखी एक गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही. हा स्टोव्ह एका मोठ्या खोलीचा आणि तिला लागून असलेल्या जागेचा असतो. स्वयंपाकघर, जेवणाची जागा आणि दिवाणखाना एकत्र असेल तर उत्तम. टोकाच्या बंद खोल्या थंडच राहतात.

जुना स्टोव्ह स्वस्तात मिळत असेल तर पुस्तिका, सुटे भाग आणि मागच्या पट्टीवरची प्रमाणपत्रं तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. १५ मे २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या स्टोव्हना तासाला २ ग्रॅमपेक्षा जास्त धूलिकण सोडायची परवानगी नाही, आणि तसं लेबल त्यांच्यावर असतं. आणखी एक: ३० टक्के, पण जास्तीत जास्त २,००० डॉलरची जी केंद्रीय करसवलत जुन्या लेखांमधून अजून वाचायला मिळते, ती ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत बसवलेल्या स्टोव्हपुरतीच होती. तिच्यावर बजेट आखू नका.

हे कागद एका फाइलमध्ये ठेवा:

- गावाच्या बांधकाम किंवा अग्निशमन खात्याचा परवाना, आणि काम झाल्यावर तपासणीची सही
- स्टोव्हची पूर्ण पुस्तिका. भिंतीपासूनची अंतरं दाखवणारी पानं वेगळी छापून
- धुराड्याचा नकाशा: पाइपची जाडी, लांबी, किती वळणं, बाहेर कुठे निघतो
- बसवणाऱ्याचा विमा आणि प्रशिक्षणाचा दाखला
- घराच्या विमा कंपनीला कळवल्याची पोच
- पावती आणि अनुक्रमांकाचा फोटो

विम्याचं पत्र विसरू नका. न कळवता बसवलेल्या स्टोव्हमुळे आग लागली तर दावा अडू शकतो. आम्ही कळवलं तेव्हा त्यांनी फक्त तपासणीची सही आणि चार फोटो मागितले.

३. जागा आणि धुराडं

इथे पैसे वाचवू नका. पेलेटच्या धुराला खास दुपदरी पाइप लागतो, बहुधा ३ किंवा ४ इंचांचा. ड्रायरचा किंवा गॅसचा पाइप चालत नाही. सांधे नीट बंद झालेले हवेत, कारण पंखा धूर दाबाने ढकलतो आणि बारीक फटीतूनही तो खोलीत येतो. स्टोव्हखाली न जळणारी फरशी हवी, पुस्तिकेत दिलेल्या मापाची.

पाइप भिंतीतून बाहेर कुठे निघतो ते स्वतः उभं राहून बघा. सर्वसाधारण नियम असा की दारं-खिडक्यांच्या खाली किंवा बाजूला निघत असेल तर किमान ४ फूट अंतर हवं, आणि वर निघत असेल तर किमान १ फूट. तुमच्या स्टोव्हची पुस्तिका याहून जास्त मागत असेल तर तिचंच ऐका. शिवाय बर्फ. ऑगस्टमध्ये जमिनीपासून दीड फुटावरचं तोंड उंच वाटतं, फेब्रुवारीत ते बर्फाखाली जातं. आमचं तोंड साडेतीन फुटांवर आहे, तरी मोठी हिमवृष्टी झाली की आधी तिथला बर्फ काढतो, मग ड्राइव्हवेचा.

आता आपल्या घरांचा एक खास प्रश्न. स्टोव्ह जाळासाठी हवा ओढतो ती कुठून? बाहेरून हवा आणणारी वेगळी नळी घेतली नसेल तर खोलीतूनच. आम्ही ती नळी नको म्हटलं होतं. पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी मी फोडणी टाकली, स्वयंपाकघरातली चिमणी पूर्ण वेगाने लावली, आणि पलीकडे स्टोव्हमधला पिवळाधमक जाळ बघता बघता केशरी, लांबट, सुस्त झाला. घर घट्ट बंद, चिमणी जोरात हवा बाहेर फेकतेय आणि स्टोव्हला हवाच उरली नाही. चिमणी बंद केली, दोन मिनिटांत जाळ ताळ्यावर आला. पुढच्याच महिन्यात आम्ही ती नळी बसवून घेतली. तुम्ही पहिल्यापासूनच घ्या. मिरचीचा ठसका बाहेर घालवणारी जोरदार चिमणी असलेल्या घरात तर नक्कीच.

४. पेलेट: कुठले, केव्हा, कुठे ठेवायचे

पिशवीवर ‘प्रीमियम’ दर्जा आणि प्रमाणित केल्याची खूण आहे का ते पाहा. त्या दर्जात राख १ टक्क्याच्या आत आणि ओल ८ टक्क्यांच्या आत असावी लागते. हा १ टक्का छोटा वाटतो, पण १५० पिशव्यांवर तो २७ किलो राख होतो. अर्ध्या टक्क्याचे पेलेट घेतले तर निम्मी.

कडक लाकडाचे पेलेट जास्त तापतात असं सगळे सांगतात. सरपणाच्या बाबतीत ते खरं, कारण कडक लाकूड वजनाला भारी असतं. पेलेट मात्र सगळेच सारखे दाबलेले आणि वजनावर विकलेले. पौंडाला पौंड पाहिलं तर पाइन, स्प्रूससारख्या मऊ लाकडात राळ असल्यामुळे उष्णता थोडी जास्तच मिळते, आणि राख बहुधा कमी. ते बरेचदा महाग असतात. मी कडाक्याच्या जानेवारीसाठी मऊ लाकडाचे राखून ठेवते.

एकदम तीन टन घेऊ नका. वेगवेगळ्या कारखान्यांच्या तीन-चार पिशव्या आणा, एकेक दिवस जाळा आणि राख, काच, जाळ बघा. विकत घेण्याआधी मूठभर पाण्याच्या ग्लासात टाकून बघायची युक्ती आम्हाला शेजारच्या आजोबांनी शिकवली: चांगले पेलेट आधी तळाशी बसतात आणि मग फुगून सुटतात, तरंगणारे नीट दाबलेले नसतात. पिशवीच्या तळाशी भुशाची पूड किती आहे तेही बघा. पूड जास्त असली की ती हॉपरच्या कोपऱ्यात साचते आणि वरचे पेलेट खाली घसरत नाहीत.

खरेदी एप्रिल ते जुलैमध्ये करा. ऑक्टोबरमध्ये पहिली थंडी पडते, सगळे एकदम धावतात, भाव चढतो आणि चांगला माल संपतो.

टनाचं पॅलेट, म्हणजे पिशव्या रचलेली लाकडी चौकट, ट्रकवरून ड्राइव्हवेवर उतरवतात, पुढचं सगळं आपलं. एक पिशवी म्हणजे इंडियन स्टोअरमधल्या २० पौंडी तांदळाच्या दोन पिशव्या एकदम. पन्नास पिशव्या तळघराच्या पायऱ्या उतरवणं हे दोन माणसांचं पूर्ण दुपारचं काम आहे. कंबर दुखरी असेल तर गॅरेजमध्ये ठेवा, पण जमिनीवर नको. लाकडी पॅलेटवर ठेवा आणि भिंतीपासून थोडं अंतर राखा. पिशव्यांना हवेसाठी बारीक भोकं असतात, पाण्याचा थेंबही आत जातो. भिजलेला पेलेट फुगून पुन्हा भुसा होतो आणि ऑगरमध्ये घट्ट बसला की छिन्नीने फोडून काढावा लागतो. ओल लागलेली पिशवी सरळ बाजूला काढा. बागेत पसरली तरी चालते, हॉपरमध्ये नको.

५. पहिली पेटवणी

धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा गजर आधी लावा, मग स्टोव्ह. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. एक गजर स्टोव्हच्या मजल्यावर आणि एक झोपायच्या खोल्यांबाहेर.

नवीन स्टोव्हचा रंग पहिल्या एक-दोन पेटवणींत तापून पक्का होतो, तेव्हा घरभर रंगाचा उग्र वास सुटतो. खिडक्या उघड्या ठेवून दिवसा पेटवा, लहान मुलं दुसऱ्या खोलीत. ऑगर रिकामा असल्यामुळे पहिला पेलेट पडायलाच काही मिनिटं लागतात. बिघडला असं समजून बटणं दाबत बसू नका.

बंद करताना बटणाने बंद करा. प्लग ओढायचा नाही, कधीही नाही. बटण दाबल्यावर पेलेट पडणं थांबतं, पण पंखे आतला जाळ विझून स्टोव्ह निवेपर्यंत फिरत राहतात, अर्धा तासही लागतो. प्लग ओढला की धूर ओढणारा पंखा थांबतो आणि उरलेला धूर घरात येतो.

६. जाळ बघायला शिका

चुलीपुढे बसणारी आजी जाळ बघून सांगायची की लाकूड ओलं आहे की हवा कमी आहे. इथेही तेच.

चांगला जाळ आखूड, पिवळा-पांढरट, चपळ असतो, आणि वाटीतले निखारे किंचित उड्या मारताना दिसतात. केशरी, लांब, टोकाला काळपट आणि आळशी जाळ म्हणजे हवा कमी: वाटीची भोकं बुजली, राख साचली, किंवा दाराची दोरीसारखी सील सैल झाली. सील तपासायला दारात एक डॉलरची नोट धरून दार लावा आणि नोट ओढा. अडखळत आली तर सील ठीक, सुळकन निघाली तर तिथून हवा गळतेय. चारी बाजूंनी तपासा, तेही स्टोव्ह थंड असताना.

काचेवर दिवसभरात राखाडी-तपकिरी पातळ थर बसणं साहजिक आहे. काही तासांतच काळी काजळी धरली तर तो हवा कमी असल्याचा निरोप आहे. स्टोव्ह थंड असताना ओल्या वर्तमानपत्राच्या बोळ्यावर तिथलीच बारीक राख घेऊन काच पुसा. राखेने पितळी भांडी घासणाऱ्यांना हे सांगायला नकोच.

७. राख

रोज, साधारण पिशवीमागे एकदा, स्टोव्ह थंड करून वाटी खरवडायची. एवढं केलंत तर बाकीच्या निम्म्या अडचणी येतच नाहीत. वाटीच्या तळाला कधी कधी काचेसारखा कडक खडा बनतो. पेलेटमध्ये साल किंवा माती जास्त असली की तिच्यातली खनिजं वितळून असे खडे होतात. खडा भोकांवर बसला की हवा बंद. तो स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढा आणि भोकं एकेक करून मोकळी झाली का ते पाहा. तापलेल्या नळ्या खरवडायचा दांडा असेल तर तो पाच-सहा वेळा मागेपुढे ओढा. नळ्यांवर राखेचा थर बसला की उष्णता खोलीत न येता धुराड्यातून जाते.

पाच-सात पिशव्यांनंतर आतली सगळी पेटी साफ करायची. त्यासाठी राखेचाच व्हॅक्यूम घ्या, धातूच्या डब्याचा आणि बारीक गाळणीचा. घरचा नेहमीचा व्हॅक्यूम वापरू नका. गाळणीतून निसटलेली राख घरभर उडते, आणि राखेत दडलेला एखादा निखारा व्हॅक्यूमच्या कागदी पिशवीत पेट घेऊ शकतो.

टनामागे एकदा धुराड्याच्या खालचं झाकण उघडून आतली राख काढायची, ब्रश फिरवायचा आणि आतल्या विटांमागचे कप्पे साफ करायचे. पहिल्या वर्षी मला हे कप्पे आहेत हेच माहीत नव्हतं. फेब्रुवारीत स्टोव्ह दर दोन तासांनी बंद पडायला लागला तेव्हा दुरुस्तीवाल्याने दोन पट्ट्या काढल्या आणि मागून जवळजवळ बादलीभर करडी, पिठासारखी राख खाली आली. पुस्तिकेत ‘अ‍ॅश ट्रॅप’ शोधा आणि ती जागा उघडायला त्याच्याकडूनच एकदा शिकून घ्या.

काढलेली राख झाकणाच्या धातूच्या डब्यात, घराबाहेर, घरापासून निदान १० फूट दूर. लाकडी डेकवर नाही, गॅरेजमध्ये नाही, पुठ्ठ्याच्या खोक्यात तर मुळीच नाही. वरून थंडगार दिसणाऱ्या राखेत निखारे कित्येक दिवस जिवंत राहतात, आणि अशा राखेने इकडे दर हिवाळ्यात घरं जळतात. पूर्ण निवलेली राख बागेत थोडी थोडी टाकता येते. ती मातीचा आंबटपणा कमी करते, म्हणून ब्लूबेरीच्या झुडपांना घालू नका. त्यांना आंबट मातीच लागते.

जवळ ठेवायचं सामान: राखेचा व्हॅक्यूम, झाकणाचा धातूचा डबा, जाडीप्रमाणे धुराड्याचा ब्रश, जुना रंगाचा ब्रश, लांब स्क्रूड्रायव्हर, चामड्याचे हातमोजे, टॉर्च, जास्तीचा इग्नायटर आणि दाराची सील. इग्नायटर हा झिजणारा भाग आहे. तो जानेवारीतच जातो, आणि तेव्हाच दुकानात मिळत नाही.

८. पेटत नसेल तर

हा भाग दोनदा वाचा.

जानेवारीतली सकाळ, बाहेर उणे १८. मी बटण दाबलं आणि चहा टाकायला गेले. दहा मिनिटांनी बघते तर जाळ नाही, वाटी पेलेटनी शिगोशीग भरलेली. इग्नायटर कमजोर झाला होता. मी पुन्हा बटण दाबलं. वाटी रिकामी केली नाही, ही माझी चूक. वरून आणखी पेलेट पडले, खालचे नुसते धुमसायला लागले आणि काचेमागची सगळी पेटी दाट, पिवळट-करड्या धुराने भरली. मी काचेपासून तीन फुटांवर उभी होते. आत एक ठिणगी लवली आणि धप्प! सगळा धूर एकदम पेटला. काच थरथरली, दाराच्या कडेने काजळीचा फवारा आला, गजर वाजायला लागला. काच फुटली नाही. माझा मुलगा त्या वेळी झोपलेला होता, नाहीतर रोज तो तिथेच बसून मोजे घालतो.

म्हणून, पेटवणी फसली की:

- स्टोव्ह पूर्ण थांबू द्या, थंड होऊ द्या, वाटी रिकामी करा, भोकं मोकळी करा, मगच पुन्हा बटण.
- वाटीतले काढलेले पेलेट परत हॉपरमध्ये टाकू नका. त्यात निखारा असू शकतो. ते राखेच्या डब्यात.
- पेटी धुराने भरली आणि जाळ नाही, तर दार उघडू नका. उघडल्यावर आत जाणारी हवाच भडका उडवते. प्लगही काढू नका, धूर ओढणारा पंखा चालू राहू द्या. काचेसमोरून सगळ्यांना दूर न्या. खोलीत धूर यायला लागला तर घराबाहेर पडा आणि ९११ला फोन करा.
- हाताने पेटवायचं असेल तर त्यासाठीचीच जेल, आणि तीही थंड वाटीत. पेट्रोल, केरोसीन नाही. धुमसणाऱ्या वाटीत जेल ओतणं म्हणजे हात भाजून घेणं.

पेलेट पडतच नसतील तर आधी साध्या गोष्टी बघा: हॉपरचं झाकण नीट लागलंय का (बऱ्याच स्टोव्हना तिथे स्विच असतो), आत पूड साचून पेलेट वरच अडकलेत का. ऑगर खरंच अडकला असेल तर प्लग काढून मगच हात घाला.

९. वीज गेली तर

पंखे, ऑगर, इग्नायटर, सगळं विजेवर. पेटताना ३०० ते ४०० वॉट, नंतर शंभरच्या आसपास. वीज गेली की ऊब गेली, आणि अर्धवट जळणाऱ्या वाटीचा धूर घरात येण्याची शक्यता. डिसेंबर २००८च्या बर्फाच्या वादळात न्यू हॅम्पशरमध्ये ४ लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली होती, काहींची दोन आठवडे. शेजारचे आजोबा अजून त्या दिवसांबद्दल बोलतात.

स्टोव्ह सर्ज प्रोटेक्टरवर (विजेच्या अचानक उसळीपासून वाचवणाऱ्या प्लगवर) लावाच. बॅटरी बॅकअप घेत असाल तर ‘प्युअर साइन वेव्ह’ असलेला, म्हणजे घरच्या विजेसारखीच वीज देणारा घ्या. स्वस्त बॅकअपच्या विजेवर काही स्टोव्हच्या मोटरी गुणगुणतात आणि कंट्रोल बोर्ड बिघडतो. छोट्या बॅकअपचा उपयोग एवढाच की स्टोव्ह शिस्तीत बंद होतो आणि धूर बाहेर जातो. रात्रभर चालवायला मोठी बॅटरी किंवा जनरेटर लागतो. जनरेटर घराबाहेर, खिडक्यांपासून दूर. गॅरेजमध्ये दार उघडं ठेवूनसुद्धा नाही.

१०. बॉयलरला विसरू नका

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने पेलेट स्टोव्ह दिवाणखान्यात बसवला, आणि बॉयलरचा थर्मोस्टॅटही त्याच भिंतीवर होता. दिवाणखाना उबदार, त्यामुळे थर्मोस्टॅटला वाटलं घर गरम आहे. बॉयलर चार दिवस लागलाच नाही. उत्तरेकडच्या खोलीतल्या बाहेरच्या भिंतीलगतच्या पाइपात पाणी गोठलं, पाइप फुटला आणि थंडी ओसरल्यावर फरशीवर पाणी आलं. वाचवलेल्या तेलाच्या कितीतरी पट खर्च झाला.

कडाक्याच्या थंडीत दिवसातून दोन-तीनदा बॉयलर मुद्दाम थोडा वेळ चालवा, म्हणजे पाइपात गरम पाणी फिरतं. लांबच्या खोल्यांची दारं उघडी ठेवा. ऊब तिकडे न्यायची असेल तर छोटा पंखा थंड खोलीत जमिनीवर ठेवून स्टोव्हच्या दिशेने लावा. थंड हवा खालून स्टोव्हकडे येते आणि गरम हवा वरून आपोआप तिची जागा घेते. स्टोव्हजवळ पंखा ठेवून उलटं करून पाहिलं, तेवढा फरक पडत नाही.

११. मोसम संपला की

एप्रिलच्या शेवटी हॉपर रिकामं होईपर्यंत जाळा. उरलेली पूड व्हॅक्यूमने काढा. उन्हाळ्याच्या दमट हवेत ती ऑगरला चिकटून बसते. मग पूर्ण सफाई करा, नाहीतर आतली राख ओल धरून लोखंडाला गंज आणते. वर्षातून एकदा माहितगार माणसाकडून पंखे काढून साफ करून घ्या, तेही मे महिन्यात. ऑक्टोबरमध्ये त्यांची तारीख मिळत नाही.

प्लग काढा. पक्ष्यांनी घरटं करू नये म्हणून आम्ही धुराड्याच्या बाहेरच्या तोंडात स्टील वूलचा मोठा बोळा बसवतो, आणि स्टोव्हच्या बटणावर जाड अक्षरांत लिहिलेला कागद चिकटवतो: "धुराडं बंद आहे. बोळा काढल्याशिवाय पेटवू नका." तो कागद ऑक्टोबरपर्यंत तिथेच राहतो.